मोहेगन आज्यांच्या वह्या आपल्या वर्गात याव्यात : उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांचे शिक्षक, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कनेटिकट राज्याच्या पूर्व भागात राहते आणि गेली काही वर्षे रविवारच्या मराठी वर्गात आठ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. आमचा वर्ग जिथे भरतो तिथून थेम्स नदीच्या पश्चिम काठावरची, मोहेगन या इथल्या मूळ समाजाची टेकडी फार लांब नाही. गेल्या नोव्हेंबरात नद्यांवरचा पाठ घेताना मी गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्याबरोबर आमच्या आसपासच्या शेटकेट, यँटिक आणि क्विनेबॉग या नद्यांची नावेही फळ्यावर देवनागरीत लिहिली आणि ही नावे कोणत्या लोकांच्या भाषेतली असावीत असे मुलांना विचारले. एका मुलाने उत्तर दिले, "रेड इंडियनांच्या, पण ते लोक आता नाहीत." दुसऱ्याने मोहेगन हे तर कसिनोचे नाव आहे अशी माहिती दिली. मुलांना बोल लावण्याचे कारण नाही, कारण 'रेड इंडियन' हा शब्द आणि ते लोक संपल्याची समजूत या दोन्ही गोष्टी त्यांना घरातून आणि वर्गातून, म्हणजे आपल्याकडूनच मिळालेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास याच वर्गात मी स्वतः मुलांच्या डोक्यांना कागदी पिसे बांधून नाटुकले बसवले होते, आणि त्या दिवशी टेकडीवर राहणाऱ्या कोणाचाही विचार माझ्या मनात आला नव्हता. हे पत्र लिहिण्यामागे ती खंत आहे.

माझी विनंती एकच आहे. आपली मुले ज्या भूमीवर वाढत आहेत तिथल्या मूळ लोकांची ओळख त्यांना त्या लोकांनीच लिहिलेल्या आणि सांगितलेल्या गोष्टींतून व्हावी, आणि त्याची सुरुवात मोहेगन स्त्रियांपासून करावी. मोहेगनांपासूनच का, याचे कारण असे की एखाद्या समाजाने आपला इतिहास लिहून ठेवला नसता तर आज कायद्याच्या नजरेत तो अस्तित्वातच नसता, हे ज्यांच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले असे हे लोक आहेत, आणि ते लिहून ठेवण्याचे काम प्रामुख्याने तिथल्या आज्यांनी केले.

जगाला या लोकांचे नाव माहीत झाले ते एका चुकीतून. 1826 साली जेम्स फेनिमोर कूपर यांची 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हडसन नदीच्या खोऱ्यातले मोहिकन आणि कनेटिकटमधले मोहेगन हे दोन वेगळे समाज त्यांनी एकत्र कालवले, आणि सतराव्या शतकात मोहेगनांचे नेतृत्व करणाऱ्या अंकस या सरदाराचे नाव आपल्या कथेतल्या मरणाऱ्या तरुणाला दिले. अंकस प्रत्यक्षात म्हातारा होऊन गेला, त्याचे वंशज आजही त्याच टेकडीच्या परिसरात राहतात, आणि मोहिकनांचे वंशजही विस्कॉन्सिन राज्यात आपल्या शासनव्यवस्थेसह नांदत आहेत. तरीही 'शेवटचा' हे विशेषण जे चिकटले ते सुटले नाही. संपलेल्या लोकांची जमीन घेताना कोणाला विचारावे लागत नाही आणि त्यांच्या वस्तू उचलून नेताना कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून हे विशेषण दिसते तितके निरुपद्रवी नाही. आपल्या वर्गांतून पहिल्यांदा जायला हवा तो हा शब्द, असे मला वाटते.

हाच शब्द फिडेलिया फील्डिंग यांच्याही नावामागे लागला. त्यांचा जन्म 1827 चा, म्हणजे त्या कादंबरीनंतर एकाच वर्षाने, आणि मृत्यू 1908 चा. मोहेगन-पीक्वॉट भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती अशी त्यांची नोंद सर्वत्र केली जाते. आपल्या आजीकडून, मार्था अंकस यांच्याकडून, त्या ही भाषा शिकल्या. त्यांच्या उतारवयात शेजारीपाजारी इंग्रजीच बोलत आणि शाळेत मुलांना आपल्या भाषेबद्दल शिक्षा होई, त्यामुळे मुलांना ती शिकवायला त्या धजावल्या नाहीत, असे त्यांच्या समाजात सांगितले जाते. बोलायला कोणी उरले नाही तेव्हा त्या लिहू लागल्या. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या त्यांच्या रोजनिशीच्या वह्यांत मोठमोठ्या घटना नाहीत. आज ऊन पडले, आज थंडी आहे, देवाचे आभार, अशा छोट्या छोट्या नोंदी आहेत, आणि त्या त्यांनी इंग्रजी अक्षरे वापरून, कानाला जसे ऐकू येई तसे स्पेलिंग करत मोहेगनमध्ये लिहिल्या आहेत. ऐकणारे कोणी नसताना रोज थोडे थोडे आपल्या भाषेत लिहीत बसलेली ती वृद्ध बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीने लिहिलेल्या मराठी वह्या आहेत, ज्या नातवंडांना वाचता येत नाहीत, म्हणूनही कदाचित असे होत असेल. परंतु आपल्या आज्यांना भाषा बोलल्याबद्दल कोणी शिक्षा केली नव्हती आणि त्यांच्यामागे कोट्यवधी बोलणारे आहेत, हा फरक मुलांना सांगताना पुसट होता कामा नये.

त्या वह्यांचा पुढचा प्रवासही मुलांना सांगण्यासारखा आहे. फ्रँक स्पेक हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ फिडेलियाबाईंकडे येत असे. त्याने त्यांच्याकडून भाषा टिपून घेतली आणि वह्याही त्याच्याकडे गेल्या. त्याच्यामार्फत त्या न्यूयॉर्कमधल्या एका संग्रहालयाच्या संग्रहात, पुढे ब्रॉंक्समधल्या एका ग्रंथालयात आणि 2004 साली कॉर्नेल विद्यापीठाकडे पोचल्या. ज्यांच्या आजीने त्या लिहिल्या त्यांना त्या पाहायच्या असतील तर दुसऱ्या राज्यात जाऊन वाचनकक्षात परवानगीने पाहाव्या लागत. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये कॉर्नेलने त्या मोहेगनांना परत केल्या. म्हणजे लिहिणारीच्या मृत्यूनंतर 112 वर्षांनी वह्या टेकडीवर आल्या. दरम्यान, 2006 साली स्टेफनी फील्डिंग या मोहेगन भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने आधुनिक मोहेगन भाषेचा शब्दकोश तयार केला, आणि फिडेलियाबाईंचे लेखन हा त्या कामाचा मोठा आधार होता. भाषा पुन्हा शिकू पाहणाऱ्या पिढीला ज्या स्त्रीच्या वहीत पहिले शब्द सापडले, तिला आपण 'शेवटची' म्हणत राहणे मला पटत नाही.

आता ग्लॅडिस टँटाक्विजन यांच्याविषयी, आणि इथे मी थोडी सविस्तर लिहिणार आहे, कारण या पत्राचा गाभा तोच आहे. 1899 साली जन्मलेल्या ग्लॅडिस लहान असतानाच समाजातल्या ज्येष्ठ स्त्रियांनी त्यांना परंपरा पुढे नेण्यासाठी निवडले. मोहेगनांमध्ये आजीला 'नानू' म्हणतात, आणि ग्लॅडिसना अशा काही नानू लाभल्या : वनस्पती आणि समाजाचे व्यवहार जाणणाऱ्या एमा बेकर, शेजारच्या नायँटिक समाजातून आलेल्या मर्सी मॅथ्यूज, आणि स्वतः फिडेलिया फील्डिंग. कोणते पान कशावर चालते, ते कधी खुडायचे, टेकडीवरच्या कोणत्या जागी मोठ्याने बोलू नये, हे ज्ञान हाताला धरून दिले गेले. टेकडीच्या पोटात राहणारी आणि तिची राखण करणारी छोटी माणसे, ज्यांना मोहेगन 'मकियाविसग' म्हणतात, त्यांच्या गोष्टीही ग्लॅडिसना याच आज्यांकडून मिळाल्या. या छोट्या माणसांसाठी खाऊ ठेवावा, त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, अशी रीत आहे.

1919 साली त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याच फ्रँक स्पेकजवळ शिकायला गेल्या. औपचारिक शालेय शिक्षण त्यांच्याकडे फारसे नव्हते. डेलावेअर, वॅम्पनोआग, नॅन्टिकोक अशा समाजांत फिरून त्यांनी वनौषधी आणि लोकसमजुती यांच्या नोंदी केल्या, आणि डेलावेअर लोकांच्या वैद्यकावरचे त्यांचे पुस्तक 1942 साली निघाले, जे पुढेही पुन्हा छापले गेले. एका शिक्षकाने फिडेलियाबाईंच्या वह्या गावाबाहेर नेल्या आणि त्याच शिक्षकाने फिडेलियाबाईंच्या शिष्येच्या हाती संशोधकाची लेखणी दिली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांना सांगताना त्यांतली एक गाळू नये, कारण दहा वर्षांच्या मुलालाही असा गुंता समजतो.

1934 पासून त्यांनी केंद्र सरकारच्या आदिवासी विभागात काम केले, दक्षिण डकोटातल्या यँक्टन लोकांमध्ये राहिल्या, आणि नंतर 1947 पर्यंत आदिवासी कलाकुसरीसाठी असलेल्या मंडळात होत्या. त्या काळात आदिवासींचे अनेक विधी व नृत्ये सरकारी दडपणाखाली बंद पडली होती, आणि ती पुन्हा उघडपणे करायला त्यांनी उत्तेजन दिले. त्यानंतर गावी परतून काही काळ नायँटिक येथील स्त्रियांच्या तुरुंगात त्या ग्रंथपाल होत्या. पण ज्यासाठी त्यांची आठवण मोहेगनांना रोज येत असेल ते काम टेकडीवर होते. 1931 साली त्यांनी वडील जॉन आणि भाऊ हॅरल्ड यांच्यासह घराजवळ दगडी बांधणीचे एक छोटे संग्रहालय उभारले होते. अमेरिकेतल्या मूळ लोकांनी स्वतः स्थापलेल्या आणि चालवलेल्या संग्रहालयांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. लाकडाच्या पट्ट्यांच्या विणलेल्या, रंगवलेल्या टोपल्या, चमचे, उखळ, मुसळ अशा घरगुती वस्तू तिथे आहेत, आणि कित्येक दशके शाळेच्या मुलांना त्या वस्तू हातात घेऊन ग्लॅडिसबाई त्यांची गोष्ट सांगत. वस्तूवर कागदी चिठ्ठी चिकटवून न थांबता ती कोणाच्या आजीने कशासाठी वापरली हे सांगणारी मालकीण समोर उभी आहे, असे संग्रहालय आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल?

आणि या सगळ्याबरोबर त्या कागद जपत होत्या. मोहेगन कुटुंबांत कोण जन्मले, कोण शिकून उत्तीर्ण झाले, कोणाचे लग्न झाले, कोण गेले, यासंबंधीचा पत्रव्यवहार त्यांनी प्लास्टिकच्या डब्यांत भरून पलंगाखाली ठेवला होता. कनेटिकट राज्याने एकोणिसाव्या शतकातच मोहेगनांची राखीव जमीन वाटून टाकली होती, आणि 1978 साली त्यांनी केंद्र सरकारकडे समाज म्हणून कायदेशीर मान्यतेसाठी अर्ज केला तेव्हा हा समाज अखंडपणे एकत्र नांदत आला आहे हे सिद्ध करणे त्यांच्यावर आले. 1989 साली सरकारचा प्राथमिक निष्कर्ष प्रतिकूल आला. अलीकडच्या काळातला पुरावा अपुरा ठरला. पलंगाखालच्या डब्यांतल्या त्या लग्नाच्या, बारशाच्या, मर्तिकाच्या पत्रांनी पुढे तो पुरावा पुरवायला मोठी मदत केली, कारण एकमेकांच्या सुखदुःखाला जाणारे लोक हाच समाज असतो हे त्यांतून दिसत होते. 7 मार्च 1994 रोजी मोहेगनांना मान्यता मिळाली. ग्लॅडिसबाई तेव्हा 94 वर्षांच्या होत्या. 2005 साली, वयाच्या 106 व्या वर्षी त्या गेल्या.

हे काम एकट्या व्यक्तीचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. 1831 साली टेकडीवर जे चर्च उभे राहिले त्याच्यामागे लूसी ऑकम टँटाक्विजन, त्यांची मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांच्या स्त्रिया होत्या. मूळ लोकांना पूर्वेकडून हुसकावण्याचा कायदा केंद्र सरकारने आदल्याच वर्षी केला होता, अशा वेळी चर्चच्या नावाने का होईना, तो एवढासा तुकडा समाजाच्या हातात राहिला आणि पुढे बाकीची जमीन गेल्यावरही राहिला. त्याच चर्चमधल्या स्त्रियांच्या शिवणमंडळाने 1860 पासून विगवॅम नावाचा वार्षिक उत्सव भरवला. तिथे भाजलेला मका उखळात कुटून केलेले योकेग वाटले जाई. आपल्या सातूच्या पिठाची आठवण व्हावी असा हा पदार्थ आहे. शिवता शिवता समाजाचे निर्णय घेणाऱ्या त्या बायकांच्या बैठका कोणाच्या डोळ्यावर आल्या नाहीत, आणि बहुधा म्हणूनच त्या चालू राहिल्या.

आज ही परंपरा मेलिसा टँटाक्विजन झोबेल चालवतात. त्या ग्लॅडिसबाईंच्या भावंडांच्या नात्यातून आलेल्या नात आहेत. 1991 पासून त्या समाजाच्या इतिहासकार आहेत, आणि 2008 साली त्यांच्याकडे वैदू स्त्रीचे, म्हणजे ग्लॅडिसबाईंनीच एकेकाळी भूषवलेले पद आले. त्यांनी लिहिलेल्या मोहेगन इतिहासाचे नाव 'द लास्टिंग ऑफ द मोहेगन्स' असे आहे. कूपर यांच्या शीर्षकातला एकच शब्द किंचित वाढवून त्यांनी 'शेवटचे' चे 'टिकून राहिलेले' केले. ग्लॅडिसबाईंचे चरित्र त्यांनी 2000 साली प्रसिद्ध केले, त्याखेरीज कादंबऱ्या लिहिल्या, आणि लहान मुलांसाठी मकियाविसगांची गोष्टही पुस्तकरूपाने आणली. इतिहास, चरित्र, कादंबरी, बालकथा असे सगळे प्रकार एकाच लेखिकेने हाताळण्यात मला एक अर्थ दिसतो. ज्या समाजाविषयी दोनशे वर्षे इतरांनीच कथा रचल्या, त्या समाजाला नुसती वस्तुस्थिती मांडून भागत नाही, कथाही परत घ्यावी लागते.

कसिनोविषयीही स्पष्ट लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकांचा मोहेगन या नावाशी संबंध तेवढाच आहे. मान्यतेनंतर दोन वर्षांनी, 1996 साली, अंकसव्हिलमध्ये तो सुरू झाला, आणि आपण तिथे कार्यक्रमांना व जेवायला जातो. जुगाराविषयी कोणाचे काहीही मत असो. तिथून मैलाभराच्या आसपास टेकडी, चर्च आणि ते दगडी संग्रहालय आहे, आणि तिथे गाडी वळवणारे मराठी कुटुंब मला अद्याप भेटलेले नाही. संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि मुलांना घेऊन जावे, इतके तर आपण नक्की करू शकतो.

काही शिक्षकांनी माझ्याशी बोलताना आक्षेप घेतला की आठवड्यातून दोनच तास मिळतात, त्यात मराठीच नीट होत नाही, मग हे कशासाठी. आक्षेप प्रामाणिक आहे. पण आपण मुलांना मराठी शिकवतो ती कशाविषयी बोलण्यासाठी, हाही प्रश्न आहे. आपला पाठ आंबेमोहोर आणि आषाढी एकादशी यांच्यापुरता राहिला तर मराठी ही आजोळची, सुटीपुरती भाषा आहे असेच मुलांना वाटेल. शेटकेट आणि यँटिक मिळून नॉर्विचला थेम्स होते, हे मुलाला मराठीत सांगता आले तर मराठी त्याच्या दारातल्या नदीपर्यंत पोचली. कनेटिकट हे नावच भरती-ओहोटीच्या लांब नदीवरून आले आहे, आणि 'भरती-ओहोटी' हा जोडशब्द शिकवायला याहून चांगली संधी मला तरी मिळालेली नाही. शिवाय 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून कनेटिकटच्या सार्वजनिक शाळांत इथल्या मूळ समाजांचा अभ्यास कायद्याने आवश्यक झाला आहे. मुले सोमवारी जे शिकतात त्याच्या विरुद्ध रविवारी आपण शिकवू नये, एवढी तरी दक्षता हवी.

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत. 'रेड इंडियन' हा शब्द आपल्या पाठांतून आणि स्नेहसंमेलनांच्या संहितांतून काढावा आणि शक्य तिथे समाजाचे नाव घ्यावे : मोहेगन, पीक्वॉट, नायँटिक. दुसऱ्या राज्यांतल्या शाळांनी आपापल्या भूमीवरच्या समाजाचे नाव शोधावे, त्या समाजातल्या कोणी स्वतः लिहिलेले काय आहे ते पाहावे, आणि मगच पाठ लिहावा. कागदी पिसांची नाटुकली थांबवावीत. मकियाविसगांची गोष्ट वर्गात सांगितली तर ती मोहेगनांची गोष्ट म्हणूनच सांगावी, तिचे मराठी रूपांतर करून पात्रांना आपली नावे देऊ नयेत, आणि ती छापायची वा रंगमंचावर आणायची झाल्यास त्यांची परवानगी मागावी. वह्या एकदा गावाबाहेर गेल्यावर काय होते हे आपण वर पाहिलेच.

आणि एक उपक्रम मी या सत्रात माझ्या वर्गात सुरू केला आहे, तो इतरांनी करून पाहावा. प्रत्येक मुलाला एक वही दिली आहे. रोज दोन ओळी मराठीत लिहायच्या : आज हवा कशी होती, घरी कोण आले, आजीचा फोन आला का. शुद्धलेखनाच्या चुका मी तांबड्या शाईने खुणावत नाही, कारण फिडेलियाबाईंच्या स्पेलिंगमध्येही एकसारखेपणा नव्हता. वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी फिडेलिया फील्डिंग हे नाव देवनागरीत लिहिले आहे. गेल्या रविवारी, ज्या मुलाने नोव्हेंबरात 'ते लोक आता नाहीत' असे उत्तर दिले होते, त्याच्या वहीत मला ही ओळ दिसली : "आज बाबांबरोबर टेकडीवरून गेलो. चर्चचे दार बंद होते, पण बाहेर गाड्या होत्या."

पुढच्या सत्राचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठका लवकरच सुरू होतील. या पाठाचा कच्चा आराखडा माझ्याकडे तयार आहे, आणि ज्या शाळेला तो हवा असेल तिला मी तो आनंदाने देईन. मात्र तो वर्गात नेण्याआधी टेकडीवरच्या लोकांना दाखवून त्यांनी सुचवलेले बदल करून घ्यावेत अशी माझी इच्छा आहे, आणि त्या भेटीला माझ्याबरोबर येणारे आणखी दोन-तीन शिक्षक मला हवे आहेत.

आपली नम्र,
पूर्व कनेटिकटमधील एक मराठी शिक्षिका